स्टाफ लस का टाळतो, आणि रुग्णालयाने काय करावं: नागपुरातल्या दवाखान्यांसाठी पायरीपायरीने

धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरांना विचारा, स्टाफपैकी हिपॅटायटिस बीच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या, लशीचे तीनही डोस किती जणांचे झालेत. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "आम्ही सगळ्यांना सांगितलंय हो, आमचे लोकच घेत नाहीत." मग खाली कचऱ्याच्या खोलीपाशी काम करणाऱ्या मावशींना विचारा. "आमाले कोणी बोलावलंच नाही." दोघंही खरंच बोलत असतात.

हा लेख मेट्रनसाठी, संसर्ग नियंत्रण पाहणाऱ्या सिस्टरसाठी, आरएमओसाठी (निवासी वैद्यकीय अधिकारी) आणि ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं त्या प्रशासकीय माणसासाठी आहे. वीस खाटांचं रुग्णालय असो की मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांसारखा पसारा, कामाचा क्रम तोच राहतो. माझं मत आधीच सांगून टाकते: स्टाफच्या नकारात लशीची भीती थोडी असते आणि दवाखान्याबद्दलची नाराजी बरीच. म्हणून व्याख्यान आणि पोस्टर खूप पुढच्या पायरीवर येतात.

पहिली पायरी: कुठल्या लशी, ते ठरवा

२०२१ नंतर "स्टाफचं लसीकरण" म्हटलं की लोकांना कोविडच आठवतो. रोजच्या कामाच्या धोक्यात मात्र हिपॅटायटिस बी सगळ्यात वर आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के धरतात. एचआयव्हीच्या बाबतीत ती साधारण ०.३ टक्के आहे. स्टाफ घाबरतो तो एचआयव्हीला. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस टिकतो. आणि सुईतून येणाऱ्या हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तिघांपैकी लस फक्त बीवर आहे.

तीन डोस: पहिल्या दिवशी, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. लस दंडातच द्यायची. कमरेखाली दिली तर ती कमी लागते, हे ठाऊक असूनही "हात दुखतो" म्हणून तिथे दिली जाते. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालायचं. "माझा दुसरा डोस चुकला, आता सगळं वाया गेलं" असं समजून कितीतरी सिस्टर्स अर्ध्यावर थांबलेल्या असतात. त्यांना नुसतं एवढं सांगितलं तरी बऱ्याच जणी बाही वर करतात.

तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासा, म्हणजे लशीने संरक्षण तयार झालं का ते सांगणारी रक्ततपासणी. १० mIU/ml किंवा जास्त आलं की काम झालं. कमी आलं तर दुसऱ्यांदा डोस द्यायचे आणि पुन्हा तपासायचं. दोन्ही वेळा पूर्ण डोस होऊनही प्रतिसाद न देणारे थोडे लोक असतात. त्यांची नावं वेगळी ठेवा, कारण सुई टोचली तर त्यांना इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) लागेल.

फ्लूची लस दरवर्षी. आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर चढतो आणि लशीला काम सुरू करायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे नागपुरात पाऊस येण्याआधी ती दंडात गेलेली हवी. धनुर्वात-घटसर्पाची टीडी दहा वर्षांनी एकदा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी ज्यांना आजार होऊन गेलेला नाही आणि लसही झालेली नाही त्यांना, त्यातही बालरोग आणि प्रसूती विभागात आधी. या दोन्ही जिवंत लशी आहेत, म्हणजे त्यांत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. गरोदरपणात द्यायच्या नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. बाकीचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्यांना टायफॉइड वगैरे, कामाप्रमाणे ठरवा.

दुसरी पायरी: पगारपत्रकाला यादी समजू नका

पगारपत्रकावर नसलेले लोकच जास्त धोक्यात असतात. ठेकेदाराचे सफाई कामगार, लाँड्रीवाले, सिक्युरिटी, रुग्णवाहिकेचे चालक, डायलिसिसचा बाहेरून आलेला टेक्निशियन, रक्ताचे नमुने नेणारा लॅबचा मुलगा, दोन-तीन ठिकाणी फिरणारे भूलतज्ज्ञ, इंटर्न, नर्सिंगच्या विद्यार्थिनी. आठवडाभर तिन्ही पाळ्यांना दारात उभं राहून ही यादी करा. कॅन्टीनवाला भाऊ मदत करतो. रोज कोण चहा घेतं ते त्याला पक्कं माहीत असतं.

"ते आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत" ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि इतरांनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातासह अशा आजारांपासून लशीचं संरक्षण देणं ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणंही त्यातच आलं. हे कलम मालकाला बांधतं. कर्मचाऱ्याला लस घ्यायला भाग पाडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, हा फरक पुढे कामी येईल.

प्रत्येक नावापुढे लिहा: कुठला विभाग, कुठली पाळी, कार्ड आहे का, शेवटचा डोस कधी. "नर्सिंग कॉलेजात घेतली होती" हे ऐकून खूण करू नका. कार्ड नसेल तर अँटी-एचबीएस तपासा किंवा सरळ डोस द्या. एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही.

तिसरी पायरी: नकार ऐका, आणि बॉसला बाहेर ठेवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढचं सगळं फसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये लस टाळण्याची कारणं तीन भागांत मांडली: विश्वास, बेफिकिरी आणि सोय. पुढे संशोधकांनी त्यात दोन भर घातल्या. एक, स्वतः केलेली फायदा-तोट्याची आकडेमोड. दुसरी, आपल्यामुळे इतरांना लागण होऊ नये ही जाणीव. पाचही गोष्टी वॉर्डात भेटतात, फक्त त्यांची भाषा वेगळी असते.

संवर्गाप्रमाणे सहा-आठ जणांचे गट करा. मावशी बोलत असताना मेट्रन खोलीत नको. निवासी डॉक्टर बोलत असताना विभागप्रमुख नकोत. ठेकेदाराचा सुपरवायझर तर इमारतीच्या आसपासही नको. भाषा मराठी-हिंदी मिसळून चालू द्या, नागपुरात तेच सहज आहे. प्रश्न असा विचारा: "लस घ्यायची असं ठरवलं, तर आडवं काय येतं?" "का घेत नाही?" म्हटलं की माणूस बचावात जातो आणि तुम्हाला आवडेल ते उत्तर देतो.

मग काय ऐकू येतं?

सगळ्यात जास्त ऐकू येतो खाडा. "ताप आला तर दुसऱ्या दिवशी येता येत नाही, अन् ठेकेदार पैसे कापते." रोजंदारीवरच्या बाईसाठी लशीचा खरा दुष्परिणाम म्हणजे एका दिवसाची मजुरी. तिला लशीच्या सुरक्षिततेवरचा व्हिडिओ दाखवणं मला तर अपमानच वाटतो.

दुसरं: "मले काय होते? इतकी वर्षं कचरा उचलून राहिली." सुई टोचूनही काही झालं नाही हा तिचा अनुभव खरा असतो. हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

तिसरं कारण मोठ्याने कोणी बोलत नाही. लशीच्या नावाखाली रक्त तपासतील, काहीतरी निघेल आणि नोकरी जाईल, ही भीती. पुरुष सफाई कामगार आणि ओटीतले ब्रदर यांच्यात ती खोल असते. एकाने तपासणी टाळली की तीन जण टाळतात. यावर उपाय एकच: लस देण्याआधी रक्ततपासणीची अट ठेवू नका, वैद्यकीयदृष्ट्या तिची गरजही नाही. नंतरचा अँटी-एचबीएसचा अहवाल फक्त त्या माणसाच्या आणि एका ठरलेल्या डॉक्टरच्या हातात राहील, असं लेखी सांगा. एचआयव्हीच्या कारणाने कामावर भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, हेही सांगा.

सिस्टर्सकडून येतो तो गर्भधारणेचा प्रश्न. नुकतं लग्न झालेलं आहे, मूल हवं आहे, सासूबाई नको म्हणतात. इथे "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणणं उद्धटपणाचं आहे. कोविडच्या वेळी गरोदर स्त्रियांना लस सुरुवातीला दिलीच जात नव्हती. स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये आणि गरोदर स्त्रियांना जुलै २०२१ मध्ये परवानगी मिळाली. "आधी नको म्हणत होते, आता घ्या म्हणतात" ही शंका काही आकाशातून पडलेली नव्हती. हिपॅटायटिस बी आणि फ्लूच्या इंजेक्शनच्या लशी गरोदरपणात देता येतात. जिवंत लशी देता येत नाहीत. एवढा फरक नीट समजावून सांगितला की बहुतेक जणी निर्णय स्वतःच घेतात.

डॉक्टर मंडळींचा नकार सुशिक्षित असतो, म्हणून जास्त हट्टी. "फ्लूची लस चाळीस ते साठ टक्केच चालते, तीही विषाणूशी जुळली तर." बरोबर आहे. वाद घालू नका. तेवढं संरक्षणही छत्तीस तासांच्या ड्युटीत उपयोगाचं आहे का, एवढंच विचारा. मात्र हे विसरू नका की सगळा वॉर्ड डॉक्टरकडे पाहत असतो. कन्सल्टंटनी लस घेतली नाही ही बातमी दुपारच्या चहापर्यंत लाँड्रीत पोचते.

आणि शेवटी निघतात जुने हिशेब. ग्लोव्हज पुरत नाहीत, शार्प्सचा (वापरलेल्या सुया-ब्लेडचा) डबा भरून वाहतो, दोन महिन्यांचा पगार थकलाय. "सुईची एवढी काळजी असती तर डबा वेळेवर बदलला असता." यावर उत्तर देऊ नका, डबा बदला.

२०२१ ने काय शिकवलं

१६ जानेवारी २०२१ ला देशभर कोविड लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच. पहिल्या आठवड्यांत लोक अपेक्षेपेक्षा कमी आले. त्यात भीती होती, पण साधी अव्यवस्थाही होती: नोंदणीचं को-विन पोर्टल अडखळत होतं, मेसेज वेळेवर पोचत नव्हते. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्याआधीच मंजुरी मिळाली होती आणि घेणाऱ्याकडून वेगळं संमतिपत्र भरून घेत होते. शास्त्र शिकलेल्या माणसाने तेव्हा "थोडं थांबतो" म्हटलं तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. पुढे कोव्हिशील्डच्या दोन डोसमधलं अंतर चार-सहा आठवड्यांवरून बारा-सोळा आठवड्यांवर गेलं. या बदलामागे कारणं होती; ती वॉर्डापर्यंत पोचली नाहीत.

मग मार्च आला. रुग्ण वाढले, १५ मार्चपासून शहरात आठवडाभर कडक लॉकडाउन लागलं, खाटा मिळेनाशा झाल्या आणि कालपर्यंत थांबलेले लोक रांगेत दिसू लागले. लस तीच होती, धोका डोळ्यांपुढे आला होता. तुमच्या कामासाठी यातून दोन गोष्टी घ्या. इच्छा ठरीव नसते, ती महिन्यागणिक हलते, म्हणून जानेवारीत नाही म्हणालेल्याला मेमध्ये पुन्हा विचारा. आणि सूचना बदलली तर का बदलली ते त्याच दिवशी सांगा.

चौथी पायरी: अडचणी आधी हलवा

बोलण्याआधी ही कामं उरका. लशीचा खर्च रुग्णालयाने करावा, पगारातून कापू नये, "निम्मे तुम्ही भरा" असंही नको. सरकारी रुग्णालय असेल तर राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस देण्याची तरतूद आहे. कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, तिथे मागणी लावा. ठेकेदाराशी करार नव्याने करताना एक ओळ टाका: लशीनंतर ताप आला तर त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. करार व्हायला वेळ असेल तर तोवर ते पैसे रुग्णालयाने द्यावेत. खर्च फार होत नाही, पण बातमी फिरते.

रोस्टर पाहा. ज्यांची नाइट संपते आहे त्यांना लस सकाळी घरी जाताना द्या, म्हणजे अंग दुखलं तरी झोपेचा दिवस हाताशी असतो. एका वॉर्डातल्या सगळ्यांना एकाच दिवशी देऊ नका. दोघींना ताप आला तर तिसरीला डबल ड्यूटी पडते आणि ती पुढच्या वर्षी सगळ्यांना नको म्हणेल.

पाचवी पायरी: तारीख द्या, "कधीही या" म्हणू नका

यावर चांगले प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात काही कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीची वेळ आधीच ठरवून कळवली, हवी तर बदला किंवा रद्द करा असं सांगून. बाकीच्यांना फक्त वेळ घेण्याची सोय दिली. २०१० मध्ये आलेल्या निकालात पहिल्या गटात ४५ टक्के लोकांनी लस घेतली, दुसऱ्यात ३३ टक्के. कोणावर जबरदस्ती नव्हती, कोणाला बक्षीस नव्हतं. दुसऱ्या एका प्रयोगात पत्रावर "मी अमुक तारखेला, अमुक वाजता जाणार" असं स्वतःच्या हाताने लिहून ठेवायला सांगितलं, तेवढ्याने प्रमाण चार टक्क्यांनी वर गेलं.

म्हणून नोटीस बोर्डावर "इच्छुकांनी संपर्क साधावा" लावू नका. प्रत्येकाच्या नावाने चिठ्ठी द्या: "मंगळवार, सकाळी ७:४०, तळमजला, तुमची लस ठेवली आहे. वेळ जमत नसेल तर सिस्टर इनचार्जला सांगा."

आता नागपूरचं पंचांग. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस आणि फ्लूची लस एकाच दिवशी, दोन वेगवेगळ्या दंडांत देता येतात. जूनच्या सुरुवातीला सुरू केलं तर तिसरा डोस डिसेंबरच्या सुरुवातीला येतो, म्हणजे हिवाळी अधिवेशनाच्या धामधुमीत. सरकारी स्टाफच्या ड्युट्या तिकडे लागतात आणि वर्धा रोडवर गाड्या हलत नाहीत. एप्रिलच्या सुरुवातीला घेतलं तर तिसरा डोस दसऱ्याच्या आसपास, दीक्षाभूमीवरच्या गर्दीत आणि वैद्यकीय शिबिरांत हरवतो. मला सोयीचा वाटतो तो मेचा शेवटचा आठवडा: दुसरा डोस जूनअखेर, तिसरा नोव्हेंबरअखेर, दिवाळी झालेली, अधिवेशन यायचं. मेमध्ये लोक लग्नांना आणि गावी जातात हे खरं, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात राहिलेल्यांसाठी एक दिवस ठेवा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी, काहीही ठेवू नका. रोगराई मारबतीबरोबर गेली असं समजून नव्हे, पण त्या दिवशी इतवारी-महालकडचा स्टाफ वेळेवर पोचतच नाही.

रोजे असलेल्यांना आणि नवरात्रात कडक उपास करणाऱ्यांना जेवणानंतरची वेळ द्या. धार्मिक चर्चेत शिरायची गरज नाही. उपाशीपोटी चक्कर येते, एवढं कारण पुरेसं आहे.

सहावी पायरी: आता बोला

कोणी बोलायचं? पदाने मोठा असलेला माणूस कमी उपयोगाचा. मावशींशी जुन्या मावशी, ब्रदरशी ब्रदर. प्रत्येक पाळीत असा एक माणूस शोधा ज्याचं लोक ऐकतात, त्याच्या शंका आधी तासभर बसून फेडा, त्याला पहिली लस द्या. आमच्याकडच्या बैठकांमध्ये हा माणूस नेहमी थोडा भांडखोर निघतो. तेच बरं असतं. तो व्यवस्थापनाचा वाटत नाही.

एक नमुना देते.

"मावशी, तुमचं मंगळवारी आहे. काही विचारायचं आहे?"

"मले नको. काही होत नाही मले."

"बरं. कधी सुई टोचली होती का?"

"टोचते ना. मागे लाल थैलीत होती."

"मग धुऊन टाकलं असेल. त्यातून कावीळ येते ती लगेच दिसत नाही, लिव्हरमध्ये बसून राहते. तिच्यावर लस आहे, बाकीच्या दोघांवर नाही. ताप आला तर दुसऱ्या दिवसाचे पैसे मिळतील, हा कागद आहे. मंगळवारी विचार करून सांगा."

पाहा: वाक्य "तुमचं मंगळवारी आहे" असं सुरू झालं. मग तिचाच अनुभव विचारला, मग एक माहिती, मग पैशांचा कागद. लाल थैलीत सुई कशी आली हा तक्रारीचा मुद्दा वेगळा टिपून ठेवा आणि खरंच मागे लागा. सुईची जागा पांढऱ्या डब्यात आहे.

"फ्लूची लस घेतली अन् फ्लूच झाला" हे हमखास ऐकाल. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मृत असतो, त्यातून फ्लू होऊ शकत नाही. मात्र अंग दुखतं, कणकण येते, आणि दोन आठवडे पूर्ण व्हायच्या आत बाहेरून फ्लू लागूही शकतो. "काहीच होत नाही" असं कधी सांगू नका. एकदा खोटं ठरलात की तिसऱ्या डोसला कोणी येत नाही.

रुग्णांच्या भल्यासाठी लस घ्या, हे म्हणावं का? जपून. स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या दीर्घ उपचारांच्या वीस रुग्णालयांत एक चाचणी झाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. जिथे स्टाफला लस देऊ केली तिथे रुग्णांचं मृत्युप्रमाण १३.६ टक्के होतं, बाकी ठिकाणी २२.४ टक्के. पुढच्या आढाव्यांनी मात्र असे पुरावे कच्चे असल्याचं म्हटलं. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), डायलिसिस, कर्करोग विभाग इथे हा मुद्दा स्टाफला मनापासून पटतो. इतर ठिकाणी "तुमच्यासाठी, तुमच्या घरासाठी" एवढं पुरतं, आणि ते जास्त प्रामाणिक आहे.

सातवी पायरी: त्या दिवशी

मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. दवा बाजारातून स्कूटरच्या डिक्कीत आणलेली लस मी तर परत पाठवेन. व्हॅक्सिन कॅरियर पाठवा, सकाळी लवकर. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थोडे घामेजले की मगच कॅरियरमध्ये ठेवा, कारण हिपॅटायटिस बी, टीडी आणि फ्लू या लशी गोठल्या की बाद. घरगुती फ्रीज वापरत असाल तर दारात आणि फ्रीझरला चिकटून ठेवू नका. तापमान दिवसातून दोनदा लिहा. वीज गेल्याची वेळही लिहा.

लस देणारी सिस्टर आणि पडदा, दोन्ही हवेत. ब्लाउजची बाही घट्ट असते, दंड मोकळा करायला आडोसा नसला की मावशी रांगेतून निघून जातात आणि कारण कधीच सांगत नाहीत. खुर्चीत बसवून टोचा. पाणी, बिस्किटं, नंतर पंधरा मिनिटं बसायला जागा. पूर्वी कुठल्या लशीने त्रास झालेला असेल तर अर्धा तास. ॲड्रेनलिन १:१०००, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत. सिरिंज शेजारी आणि कोण देणार ते आधी ठरलेलं. ओटी, कॅज्युअल्टी, आयसीयू आणि लाँड्रीत ट्रॉली तुम्हीच न्या.

फोटो काढायचे तर विचारून. रांगेतल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर पुढच्या रांगेत तो नसतो.

आठवी पायरी: दुसऱ्या दिवशीचा फोन

"कसं आहे? हात दुखतो का?" एवढाच फोन. ताप असेल तर पॅरासिटामॉल आणि रजा. काही वेगळं, गंभीर वाटलं तर लशीचं नाव, बॅच नंबर आणि वेळ लिहून जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांकडे नोंद करा. खासगी रुग्णालयांनीही करायची असते. लपवलेला एक त्रास दहा नकार तयार करतो.

तिसऱ्या डोसपर्यंत गळती होते ती बदल्या आणि नोकरी सोडण्यामुळे. पुढच्या डोसची तारीख रोस्टर लिहिणाऱ्या सिस्टरच्या वहीत हवी, तुमच्या फाइलमध्ये नाही. आढावा घेताना एकूण टक्केवारीवर खूश होऊ नका. डॉक्टर, सिस्टर, ठेका कामगार असे वेगळे आकडे काढा. एकूण आकडा चांगला दिसत असताना लाँड्रीत शून्य असू शकतं.

उरलेले "नाही"

सगळं करूनही काही जण नाही म्हणतील. सक्ती करावी का? सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये फ्लूची लस नोकरीची अट केली आणि पहिल्याच वर्षी प्रमाण ९७.६ टक्क्यांवर गेलं. सक्तीने आकडा वाढतो, यात शंका नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात म्हटलं की कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही; सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालायचे तर ते प्रमाणात असले पाहिजेत. तो खटला कोविडच्या लशीचा होता, पण शरीरावरच्या हक्काचं तत्त्व तिथे स्पष्ट झालं. शिवाय व्यवहार पाहा: दम दिला तर सिस्टर पुढच्या गल्लीतल्या नर्सिंग होमला जॉइन होते. तिथे आधीच जागा रिकामी आहे.

म्हणून नकार लिहून घ्या, पण शिक्षेसारखा नाही. एक साधा कागद: धोका समजावला, आज घ्यायची नाही, कधीही मन बदललं तर मोफत मिळेल. कारण लिहायची सक्ती नको. शक्य असेल तर त्या माणसाला डायलिसिस आणि शार्प्सच्या कामापासून दूर ठेवा, पगार किंवा पद न घटवता. सुई टोचली तर काय करायचं हे त्याला इतरांपेक्षा जास्त पक्कं माहीत हवं: साबण-पाण्याने धुणं, लगेच कळवणं, रुग्णाची तपासणी, गरज असेल तर इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो चोवीस तासांच्या आत, आणि त्याच वेळी लशीचा पहिला डोस. त्या क्षणी बहुतेक जण हो म्हणतात. तेव्हा "आधीच सांगितलं होतं" असं म्हणायचा मोह आवरा.

नवे लोक

सगळ्यात सोपा होकार कामाच्या पहिल्या दिवशी मिळतो. इंटर्नची नवी तुकडी आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी वॉर्डात पाय ठेवण्याआधी पहिला डोस झालेला असावा. सुया सर्वात जास्त त्यांनाच टोचतात, कारण हात नवा असतो आणि विचारायला लाज वाटते. जॉइनिंगच्या कागदांत लशीचं कार्ड ठेवा, तीनही तारखा छापून. आणि जो सोडून जातो त्याला कार्डाची प्रत हातात द्या, म्हणजे धंतोलीतून हिंगणा रोडला गेला तरी त्याचा राहिलेला डोस तिथे पुढे चालू होईल.